नऊ पानांचा वेळू

विहीणबाईंच्या किमोनोचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची काही एक गरज नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण आमचा श्याम! कुठला मेल कुणाला पाठवायचा आणि कुणाला नाही, हे त्याला ऑफिसात बरोब्बर कळतं. घरी आला की ती अक्कल तो बुटांबरोबर दारातच काढून ठेवतो.

फोटो साधाच होता. आमच्या लेकीचं, नेत्राचं, लग्न ठरलं होतं. नवरामुलगा दाइची, मूळचा कोबेचा, टोकियोत नोकरीला. त्याच्या आईनं, मिनाको-साननं, लग्नात नेसायचा काळा रेशमी किमोनो वाऱ्यावर टांगला होता आणि हौसेनं त्याचा फोटो नेत्राला पाठवला होता. असल्या किमोनोवर पाच जागी, पाठीवर एक, छातीवर दोन आणि बाह्यांवर दोन, रुपयाएवढं पांढरं चिन्ह असतं. त्याला मोन म्हणतात, घराण्याची खूण. श्यामनं फोटो दोन बोटांनी ताणून पाहिला. त्याला त्या चिन्हात वेळूची पानं दिसली आणि त्यानं आनंदाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "पाहा! विहीणबाईंचं देवक वेळू! आपलंच!!" पुढे टाळ्या वाजवणारे हात.

आमच्या घराचं देवक वेळू आहे. त्याची डहाळी पुजल्याशिवाय आमच्याकडे लग्नाचं कार्य उभं राहत नाही. आणि एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही, हेही आमच्याकडे कडक पाळतात. श्यामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच. साताऱ्यात बसलेल्या लीलाताईंच्या डोक्यात मात्र ते लगेच आलं.

लीलाताई श्यामच्या थोरल्या बहीण. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा श्यामला त्यांनीच वाढवला, शिकवला, माझ्याशी लग्नही त्यांनीच लावून दिलं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी या लग्नासाठी पहिला पासपोर्ट काढला होता. थंडीचे आतले कपडे घेतले होते, विमानात काय खायचं त्याच्या वड्या करून झाल्या होत्या. नेत्राच्या लग्नात देवक आपल्या हातानं बसवायचं, ही त्यांची एकच इच्छा होती. त्यांचा फोन आला.

"शैलजा, फोन स्पीकरवर टाक. श्याम आहे ना जवळ?"

"आहे ताई."

"देवक एक म्हणजे कूळ एक. बहीण-भावाचं लग्न लावताय का तुम्ही?"

"अहो ताई, ती जपानी माणसं. त्यांचं कूळ कुठलं आणि आपलं कुठलं!"

"झाड एकच आहे ना? मग झालं तर. मी येत नाही. तिकीट रद्द करा."

मी श्यामकडे पाहिलं. तो टेबलावरच्या डागाकडे पाहत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ताई नाही आली, तर मी देवकाला बसणार नाही." बस, एवढंच. इतकी वर्षं ओळखते मी या माणसाला, हा आवाज लागला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

नेत्रानं त्यावर कळस केला. चार वर्षांची असल्यापासून ती टोकियोतल्या ओजिमाच्या या दान्चीत, म्हणजे सरकारी वसाहतीत, वाढली. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर जपानीत देते. पण मराठी तिला समजते ती आत्यामुळे. लहानपणी रोज रात्री फोनवर आत्याची गोष्ट ऐकल्याशिवाय ती झोपायची नाही. ती एकदाच काय ते बोलली, तेही मराठीत. "आत्या नाही तर हळद नाही, काहीच नाही. वॉर्ड ऑफिसात जाऊन सही करतो आम्ही."

म्हणजे एका फोटोपायी लेक कोरडीच सासरी जाणार! रागानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. श्यामचा राग आला, ताईंचा आला, वेळूचासुद्धा आला. मग वाटलं, चिन्ह दिसलंच नाही तर? ताईंना सांगता येईल, तो किमोनो भाड्याचा होता, बदलला.

तसं करता येतं, हे मला माहीत होतं. मी इथल्या एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथली एक जण सांगत होती की भाड्याच्या किमोनोवर चिकटवायची मोनं मिळतात. निप्पोरीच्या कापडबाजारात जाऊन मी एक पाकीट आणलं: पाच पांढऱ्या चकत्या, त्यावर पावलोनियाच्या झाडाची पानंफुलं. ज्याचं घराण्याचं चिन्ह माहीत नाही, त्यानं कुणीही वापरावं असं ते मोन. खालच्या चिन्हावर नेमकं बसतं, आणि नंतर अलगद निघतं म्हणे. पाकीट पर्समध्ये टाकलं, विहिणीसाठी घेतलेली पैठणी पिशवीत घातली, आणि पैठणी द्यायच्या निमित्तानं शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसून कोबेला निघाले. काय बोलायचं ते वाटभर घोकत होते. माझी जपानी भाजी-भांड्यांपुरती पक्की आहे, नाजूक मागणं मागायला मात्र ती लंगडी पडते.

नागाता भागातल्या स्टेशनाबाहेर मिनाको-सान सायकल घेऊन उभी होती. ही बाई घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी नर्स आहे. साठीला टेकली तरी बॅटरीची सायकल दामटत चढ चढते. डोक्यावर पांढरं हेल्मेट, आणि हेल्मेटवर पुढे, बरोब्बर कपाळाच्या वर, तेच मोन. वेळूची नऊ पानं, तीन-तीनचे तीन झुबके.

"वा, हेल्मेटवरसुद्धा!" मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"पूर्वी योद्धे लावायचे, आता मी लावते," ती हसून म्हणाली. "मागे बघा ना." सायकलच्या मागच्या मडगार्डवर तीच पानं चकचकीत पट्टीत कापून लावलेली. मोटारीचा दिवा पडला की ती उजळतात आणि ड्रायव्हर जपून जातो, असं तिनं सांगितलं. फोनच्या कव्हरवर तेच. औषधांच्या पिशवीवर भरतकामात तेच. मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. आमच्याकडे देवक लग्नापुरतं बाहेर येतं. ही बाई ते घेऊन रोज कामावर जाते.

वाटेत एका दारात खुर्चीवर एक आजोबा बसले होते. मिनाको-साननं त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हेल्मेटकडे पाहिलं आणि लगेच रक्तदाब मोजायला बाही वर करून हात पुढे केला.

"आज नाही, आज सुट्टी!" ती त्यांच्या कानाशी म्हणाली. पुढे गेल्यावर मला सांगितलं, "ते मुलाचंही नाव विसरलेत. पण ही पानं दिसली की हात पुढे येतो."

ते ऐकल्यावर पर्समधलं पाकीट मला नको नको झालं. पण लेकीचं 'काहीच नाही' कानात होतं. मिनाको-सानच्या घरी पोचलो, चहा झाला, पैठणी पाहून ती लहान मुलीसारखी हरखली, आणि मी डोळे मिटून एका दमात सगळं बोलून टाकलं. आमच्याकडे देवक असतं, ते झाडाचं असतं, आमचंही हेच आहे, नणंद येत नाही म्हणते, नवरा बसत नाही म्हणतो, मुलगी काहीच नको म्हणते. आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "एका दिवसापुरतं हे लावाल का?"

ती उठली, आतून किमोनो घेऊन आली, तो चटईवर नीट पसरला आणि पाकिटातली एक चकती काढून पाठीवरच्या पानांवर ठेवली. तळव्यानं दाबली.

"चांगली बसते," ती म्हणाली. "कळणारही नाही. मुलांचं लग्न व्यवस्थित व्हायला हवं."

ना आवाज चढला, ना का म्हणून विचारलं. मी तिच्या जागी असते तर विहिणीला चहासकट जिना उतरायला लावलं असतं. मला इतकी लाज वाटली की कुठे पाहावं कळेना, म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथं फ्रेममध्ये खोक्याच्या पुठ्ठ्याचा फाटका तुकडा लावलेला होता. त्यावर बॉलपेननं तीच नऊ पानं काढलेली, एक पान दोनदा गिरवलेलं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"आईनं काढलंय," मिनाको-सान म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पंच्याण्णवच्या भूकंपात ही गल्ली जळाली. तिची आई आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या आणि शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर राहिल्या. आईच्या किमोनोंची पेटी, आजीच्या लग्नातल्या वस्तू, सगळ्याची राख झाली. आई घरासाठी रडली नाही. पण एका सकाळी ती एकदम घाबरीघुबरी होऊन उठली आणि म्हणाली, मिनाको, पानं किती होती? वाटपातल्या पाण्याच्या बाटल्यांचं खोकं फाडून, कुणाचं तरी पेन मागून, तिनं आठवून आठवून ती पानं काढली आणि मुलीकडून मोजून घेतली.

"पुरुषांचं मोन थडग्यावर कोरलेलं असतं, ते जळत नाही," मिनाको-सान म्हणाली. "आमचं, बायकांचं, फक्त कपड्यांवर आणि माहेरच्या वस्तूंवर. पेटी जळली की संपलं. म्हणून मी ठरवलं, एका जागी ठेवायचंच नाही. हेल्मेट, फोन, सायकल, सगळीकडे. आता किती जळेल?"

मी हातानं डोळे पुसले. पुसता पुसता तिचं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकलं.

"बायकांचं म्हणजे? हे दाइचीचं नाही?"

"छे! दाइचीचं त्याच्या वडलांचं मोन, बहिरी ससाण्याची दोन पिसं. हे माझं. माझ्या आईचं, तिच्या आईचं, तिच्याही आईचं. आमच्याकडे या भागात बायकांचं मोन आईकडून मुलीकडे येतं. मुलांना ते मिळत नाही."

मी इतक्या जोरात "काय?" म्हणाले की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला. लगेच साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार व्हायची होती आणि ताई शेंगा सोलत होत्या.

"ताई, मुलाचं देवक वेळू नाही! पिसं आहेत! वेळू त्याच्या आईकडचं आहे!"

ताईंचा शेंग सोलणारा हात थांबला. "आईच्या माहेरचं?"

"माहेरचं म्हणजे... आईच्या आईचं. बायकांकडून बायकांकडे येतं ते."

"वडलांकडून नाही?"

"नाही."

ताई विचारात पडल्या. त्या विचारात पडल्या की खालचा ओठ पुढे येतो. मिनाको-सान माझ्या खांद्याशी येऊन, काही कळत नसताना, परीक्षेला बसल्यासारखी ताठ उभी राहिली.

"असू दे," ताई शेवटी म्हणाल्या. "माहेरचं ते माहेरचं. आता हिशेब नीट ऐक. तिचं माहेर वेळूचं. आपण वेळूचे. म्हणजे आपण तिच्या माहेरचे झालो. म्हणजे आपला श्याम त्या दाइचीचा मामा लागला. आणि मामाच्या मुलीवर तर भाच्याचा हक्कच असतो! अगं, याहून चांगलं स्थळ कुठे मिळणार आहे? तुम्ही उगाच घोळ घातलात."

"आम्ही घातला?" मी म्हटलं.

"तिकीट रद्द केलं नाहीस ना?"

"नाही ताई."

"मग झालं. आणि त्या बाईला सांग, ती माझी धाकटी बहीण झाली."

मी ते मिनाको-सानला समजावून सांगितलं. तिनं "हाइ, हाइ", म्हणजे हो, हो, म्हणत फोनपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. विहीण होतीच, आता ती माझी नणंदही झाली. एक नणंद मला कमीच पडत होती जणू! पण खरं सांगते, त्या दुपारी मला ती बाई सख्ख्या नणंदेहून जवळची वाटली. जी खूण तिच्या आईनं राखेतून परत आणली, ती झाकायला तिनं माझ्या लेकीसाठी एक मिनिटही घेतलं नव्हतं.

किमोनोवरची चकती तिनं नखानं अलगद सोडवली. खालची पानं जशीच्या तशी होती. ती घडी घालत असताना मी सहज म्हटलं, "म्हणजे हे आता पुढे..."

"माझ्यानंतर नाही," ती म्हणाली. "मला मुलगी नाही ना." तिनं घडीवरून हात फिरवला. "एकदा मनात आलं होतं, नेत्रा-सानला विचारावं. घेशील का म्हणून. पण तिचं स्वतःचं घर आहे, स्वतःच्या रीती आहेत. असं मागणं म्हणजे तिच्यावर ओझं. शैलजा-सान, तिला सांगू नका हं."

मी शब्द दिला. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. नागोया यायच्या आत मी शिंकान्सेनमधून नेत्राला सगळं लिहून मोकळी झाले होते, पुठ्ठ्याच्या फोटोसकट. तिचं उत्तर आलं, "सोक्का." म्हणजे, असं होय. बस! ना हो, ना नाही, ना एक बदाम. घरी आल्यावर मी विषय काढला तर म्हणाली, "आई, मी ऐकलंय," आणि खोलीत निघून गेली. पुढचे सगळे दिवस ती हॉल, फुलं, पाहुणे यांच्याबद्दल बोलत राहिली, त्याबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, इथं वाढलेली पोर. हिला देवकाचं काय आणि मोनचं काय. मनातून फार वाईट वाटलं, आणि मिनाको-सानचंच बरोबर होतं, मागू नये, असंही वाटलं.

ताई आल्या. विमानतळावर त्यांची बॅग इतर बॅगांसारखीच दिसते म्हणून त्यांना फार धास्ती होती; परतीच्या प्रवासासाठी मी उरलेल्या पावलोनियाच्या चकत्या तिच्यावर चिकटवून दिल्या. ताईंनी त्या हातानं दाबून पाहिल्या आणि पसंती दिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या छोट्याशा हॉलमध्ये देवक बसलं. फुलवाल्याकडून आणलेली वेळूची ताजी डहाळी, श्याम सोवळं नेसून पाटावर, ताई शेजारी. श्यामचा आवाज मंत्र म्हणताना दोनदा अडकला. मिनाको-सान आणि दाइची कोबेहून आलेले, भिंतीशी गुडघ्यांवर बसून पाहत होते. डहाळी दिसल्यावर मिनाको-साननं हात जोडले. ताईंनी ते पाहिलं आणि तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

मग मेंदी. खालच्या मजल्यावरची कस्तुरी सकाळीच येऊन नेत्राचे दोन्ही हात भरून गेली होती. नेत्रानं तेव्हा खोलीचं दार लावून घेतलं होतं, आम्हाला कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. आता ती बाहेर आली, सरळ मिनाको-सानपुढे जाऊन बसली आणि तिनं उजवा तळहात उघडला.

मनगटापासून बोटांपर्यंत आमच्याकडची वेलबुट्टी. आणि मधोमध, तळव्याच्या खोलगट जागी, मोकळ्या गोलात वेळूची पानं. तीन-तीनचे झुबके.

मिनाको-साननं नेत्राचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट न टेकवता एकेका पानावरून नेत मोजायला लागली. हळू आवाजात, जपानीत, शाळेतल्या मुलीसारखं. शाळेच्या जमिनीवर तिनं आईसाठी असंच मोजलं असणार. आठवर येऊन ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा आठच. शेवटच्या झुबक्यात दोनच पानं होती, तिसऱ्याची जागा कोरी.

मी कपाळाला हात लावणार होते, कस्तुरीनं चुकवलं म्हणून. तेवढ्यात नेत्रानं डाव्या हातानं मेंदीचा कोन पुढे केला. आजवर ती तिला मिनाको-सान म्हणायची.

"ओकाआसान," ती म्हणाली. म्हणजे आई. "नववं तुम्ही काढा."

म्हाताऱ्या माणसांच्या न दिसणाऱ्या शिरेत सुई घालताना जो हात हलत नाही, तो हात थरथरायला लागला. डोळ्यांतलं पाणी मेंदीवर पडेल म्हणून तिनं मान बाजूला वळवली. माझी अवस्था काही वेगळी नव्हती, श्यामनं तर सोवळ्याचं टोकच डोळ्यांना लावलं.

जपानीचा एक शब्द न येणाऱ्या लीलाताई पुढे सरकल्या आणि त्यांनी तिच्या कोपराखाली आपला हात आधाराला धरला.

"सावकाश काढ गं," ताई म्हणाल्या. "घाई नाही कुणाला."

"हाइ," मिनाको-सान म्हणाली, आणि तिनं पान काढलं.